गुरुवारची चाळीस मिनिटं

अवधूतशी भांडण मिटवून सदाशिवरावांना मिळणार होतं ते एवढंच: दुपारच्या जेवणाला सोबत आणि अर्धी भाकर. न मिटवता मिळत होती दर गुरुवारची चाळीस मिनिटं. सदाशिवराव दारव्ह्याच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर बसणारे, गाडीतला कापूस नजरेनं जोखणारे. त्यांनी हेही तोलून पाहिलं, आणि पारडं गुरुवारकडे झुकलं.

भांडण तसं फुसकं. कापसाची प्रत ठरवणारा अवधूत ऐन गर्दीत दहा जणांसमोर त्यांना म्हणाला होता, "भाऊ, झोपा काढून राह्यले काय?" एकोणीस वर्षं एका डब्यातून जेवलेली माणसं त्या दिवसापासून बोलणं सोडून एकमेकांना चिठ्ठ्या पाठवू लागली. चिठ्ठ्यांपायी गाड्या फाटकाबाहेर खोळंबल्या, तेव्हा मालकांनी यवतमाळहून समुपदेशक बोलावली, मिताली. दर गुरुवारी चाळीस मिनिटांची, अशा सहा बैठकी ठरल्या: आधी दोघांशी वेगवेगळ्या, शेवटची समोरासमोर.

पहिल्याच गुरुवारी तिनं वही मिटून विचारलं, काका, घरी गेल्यावर काय करता?

बायको गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. पोरगा पुण्याला, त्याचा फोन गोळ्या घेतल्या का, एवढ्यापुरता. सदाशिवराव बोलत सुटले. टीव्ही पाहायला नाही, घरात आवाज असावा म्हणून लावतो, हेही सांगून बसले.

दुसऱ्या गुरुवारी भांडणाचं सांगायला काही उरलं नव्हतं. मग त्यांनी जुनं उकरलं. भाचीच्या लग्नात अवधूत आपल्यासाठी न थांबता पंगतीला बसला होता. तिसऱ्या गुरुवारी अवधूतनं नेऊन परत न दिलेली छत्री निघाली. इस्त्रीचा शर्ट आता गुरुवारसाठीच राखलेला असायचा.

इकडे अवधूत रोज अर्धी भाकर कागदात गुंडाळून काट्याच्या खिडकीत ठेवून जायचा. खाल्ली असती तर समेट झाला असता, म्हणून सदाशिवराव ती फाटकाजवळच्या गाईला घालायचे. वास मात्र आधी घेऊन पाहायचे.

सहाव्या बैठकीला दोघं समोरासमोर बसले. अवधूतनं वेळ लावला नाही.

"चुकलं माह्यं, भाऊ. चाला, जेवू."

सदाशिवरावांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. पुढच्या गुरुवारचा चौकोन कोरा होता.

"हा वरवरचं बोलून राह्यला, म्याडम. अजून चार-दोन बैठकी लागतीन."

मितालीनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "काका, तुमचं भांडण अवधूतभाऊंशी आहे, की तुम्हाला बोलायला कुणी हवंय?"

हेच तिनं एकट्यात विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. पण समोर अवधूत बसलेला, हात गुडघ्यांवर ठेवून, उत्तराची वाट पाहत.

"मले कायले कोणी पाह्यजे?" सदाशिवराव म्हणाले.

तिनं कागदावर 'समेट नाही' लिहिलं. मालकांनी त्याच आठवड्यात अवधूतला घाटंजीच्या खरेदी केंद्रावर धाडलं.

पुढच्या गुरुवारी सदाशिवराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. बैठकीच्या केबिनला कुलूप होतं. काट्याची खिडकी रिकामी. गाय नेहमीच्या वेळी येऊन फाटकाशी उभी राहिली, बराच वेळ.

मालकांच्या गाड्या वेळेवर सुटू लागल्या. मितालीची फाइल बंद झाली. अवधूत दोन जीपा बदलून घाटंजीला जातो आणि तिथून, म्हणतात, अजूनही अर्धी भाकर डब्यात तशीच परत नेतो. सदाशिवरावांचा गुरुवार गेला आणि बाकीचे सहा वारही. मिळालं ज्याचं त्याला. त्याचं मोल भरलं या दोघांनी, आणि काही दोष नसताना गाईनं.