गोंदलेला हात

"म्याडम, ह्यो हात माझ्या आईचा हाय," अंकातल्या फोटोवर बोट ठेवून गोरक्ष म्हणाला.

सुचित्राबाईंना आधी काही उमगलंच नाही. त्या नगरच्या छापखान्यात प्रती न्यायला आल्या होत्या. नर्सिंग कॉलेजच्या संशोधनपत्रिकेचं संपादकपद हाती आल्याला वर्ष होत आलं होतं आणि हा वर्षातला चौथा अंक. उद्या प्रकाशन. मुख्य लेख खुद्द प्राचार्य शामकांत सरांचा: पारनेरकडच्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरच्यांनी दर दोन तासांनी कुशीवर वळवलं, की पडून पडून झालेल्या जखमा सहा आठवड्यांत भरतात. गोरक्ष त्या अंकांचं बाइंडिंग करायचा. आतलं वाचायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

"कशावरून म्हणता, गोरक्षभाऊ?" बाई जरा चिडल्याच. रुग्णाची ओळख फुटू नये म्हणून फोटोतले चेहरे त्यांनी स्वतः कापले होते.

"गोंदन बघा की. 'गहिनी'. मामाचं नाव गहिनीनाथ. निम्मं गोंदलं आन् आई रडत पळाली. जल्मभर चिडवायचो आमी तिला. तुमच्या कॉलेजच्या पोरी आल्त्या गावात, त्यांनीच काढला ह्यो फोटू." त्याने बोट खाली सरकवलं. "आन् हितं काय लिवलंय? 'सहा आठवड्यांनी जखम पूर्ण भरली.' म्याडम, तिसऱ्या आठवड्यात गेली ती. मीच खांदा दिला."

बाईंनी शेजारचा फोटो पाहिला. बरा झालेला हात. कोपरावरची जखम भरून कातडी कशी गुळगुळीत. आणि खाली मनगटापर्यंत गोंदणाचा एक ठिपका नाही! डोळ्यांत तेल घालून चार वेळा प्रुफं तपासली, स्वल्पविराम इकडचे तिकडे केले, आणि दोन निराळ्या बायांचे हात शेजारी-शेजारी छापून मोकळ्या झाल्या! अरे देवा, हे काय होऊन बसलं?

त्यांनी तिथूनच सरांना फोन लावला. सरांनीच त्यांना शिकवलेलं, सरांनीच संपादक केलेलं.

"अगं, त्या बाई मध्येच गेल्या," सर सहज म्हणाले. "मग दुसरा फोटो आणायचा कुठून? उपाय तर खरा आहे ना? गोंदण कोण बघतंय!"

"त्यांचा मुलगा बघतोय, सर. माझ्यासमोर उभा आहे."

मग सर म्हणाले, "उद्या अंक आहे तसा आला पाहिजे, सुचित्रा. नाहीतर मला दुसरा संपादक बघावा लागेल."

"बघा, सर." हे आपण बोललो, यावर बाईंचाच विश्वास बसेना. त्यांनी फोन ठेवला.

गोरक्षने पाण्याचा तांब्या पुढे केला. "माझा राग न्हाई, म्याडम. पन बरी झाली म्हनू नका. दर दोन तासाला वळवत हुतो आमी तिला. म्या आन् बायकू, पाळीनं. तरी गेली."

वर्षभर बाईंनी या विषयावरचे लेख छापले होते, पण कूस वळवणारा माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटला होता.

"तो लेख काढा, गोरक्षभाऊ. सगळ्या प्रतींतून."

तो एकेका अंकाचे टाके उसवत गेला आणि बाई सुटलेली पानं रद्दीच्या पोत्यात भरत गेल्या. एक पान मात्र त्याने बाजूला ठेवलं. कात्री घेऊन त्यातला डावीकडचा फोटो जपून कापला.

"ह्यो ठिवू का? दवाखान्याच्या कागदावर आंगठा हाय तिचा, पन हाताचा फोटू न्हवता आमच्याकडं."

बाईंनी मान हलवली. त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि पुढचा अंक उसवायला घेतला.