बंबाच्या पोटातला थर

बंब रविवारी भंगारात जाणार, हे माझ्या मुलानं मला न विचारता ठरवलं.

"आई, धूर डोळ्यात जातो, पाणी कोमटच राहतं. ठेवायचा कशाला?"

मागे उभी राहून सूनबाई मान हलवत होती. मान हलवायला तिला फार आवडतं.

पस्तीस वर्षं या घरातली सगळी अंगं त्या बंबाच्या पाण्यानं न्हाऊन निघाली. अस्सल तांबं आहे. सूनबाई दर आठवड्याला बाहेरून घासून त्याचा आरसा करते, पण पोटात कोण बघणार? माझंच म्हणा, मीही दोन-तीन वर्षं बघितलं नव्हतं. हे मी कुणाला बोलले नाही.

शनिवारीच आत चिंचेचं पाणी भरून ठेवलं. रविवारी सकाळी तोटी सोडून बंब रिकामा केला. मधल्या नळीतून दोरीला बांधलेलं गोणपाट वरखाली ओढलं, तर घमेलंभर काजळी पडली. धुराचा निकाल लागला. राहिला आत साचलेला पाण्याचा खार, त्याच्यामुळेच पाणी तापत नव्हतं. नळी आणि बंबाची भिंत यांच्या फटीत हात घालून तो खरवडायचा. माझा हात मनगटाशीच अडकला. सांधे मेले सुजलेले! आणि भंगारवाला बाराला येणार.

सुनेकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. हुकूम सोडले, ते वेगळं.

"अगं, तुझा हात बारीक आहे. जरा... घालतेस का?"

"काय म्हणालात? परत म्हणा ना, आई."

"एकदा म्हटलं तेवढं पुरे!"

हसत तिनं बांगड्या उतरवल्या आणि लाकडी उलथनं घेऊन खांद्यापर्यंत हात आत घातला.

"आई, सुटतंय!"

शिंपल्यांएवढ्या खपल्या निघाल्या. बादली भरली, तरी बाई थांबेना.

आधी पाणी, मग विस्तव, नाहीतर जोडांचा डाख वितळतो. हे सांगायला मी तोंड उघडलं, तर ती पाणी ओततही होती. पेटवल्यावर धूर सरळ वर गेला. थोड्या वेळानं बंब गुणगुणायला लागला.

मुलगा न्हाणीत शिरला आणि सवयीनं तोटीखाली हात धरला.

"आई गं! भाजलो!"

"कोमट असेल रे, कोमट!" मी बाहेरून म्हटलं.

तेवढ्यात भंगारवाल्यानं दारातून हाक मारली. माझ्याआधी सूनबाई पुढे गेली, नाकापर्यंत खारानं माखलेली.

"बंब विकायचा नाही. ही खपल्यांची बादली हवी तर न्या!"

मी मागे उभी राहून मान हलवली.