बाच्या मण्याचा उजेड

संगिता शिकली ती उजेड वाचायला. धातू विजेच्या ठिणगीत जाळायचा आणि त्याच्या उजेडातल्या रेषा फोटोच्या काचेवर टिपायच्या. ज्याच्या-त्याच्या रेषा न्याऱ्या. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की सोनं तयार होतं, असा शास्त्रज्ञांचा कयास. तो उजेड कधी गावला, तर त्यातलं सोनं ओळखायला सोन्याच्या रेषा आधी ठाऊक नकोत? पुसेगावजवळच्या बंजारा तांड्यावरची ही पोर पुण्यात तेच काम करायची, आणि तांड्याला त्याचं कोण अप्रूप!

"माझा मणी ने गं," तिची याडी, म्हणजे आई, रुख्मिणीबाई म्हणाली. मेलेल्या नवऱ्यानं, वसरामनं, जत्रेतून आणलेला तो सोन्याचा मणी. "बाचं नाव व्हईल तुझ्या. पर जरासाच खरवड. मरताना तोंडात तोच घालायचा हाये मला."

प्रयोगशाळेत शुद्ध सोन्याची तार होतीच. पण याडीचं मन कसं मोडावं?

तिनं तिळाएवढं खरवडून जाळलं. काचेवर रेषा आल्या तांब्याच्या आणि जस्ताच्या. सोन्याची एक नाही. दुसऱ्या कुणाचा मणी असता तर तिनं तिथंच पितळ म्हटलं असतं. पण बा फसेल? छे! आपलंच चुकलं, ठिणगी पाडायच्या कोळशाच्या कांड्या मळक्या असतील. कांड्या बदलून पुन्हा जाळलं. काच नीट धुतली नसेल, पुन्हा. धरलं की सोडायचं नाही, अशी हट्टी पोर. बाला खरं ठरवता ठरवता तिनं सगळा मणी संपवला, आणि मग ढसाढसा रडली.

हिवाळ्यात निरोप आला, याडीचं आता काही खरं नाही. नवा सोन्याचा मणी घेऊन ती सेनगावहून जीपनं तांड्यावर पोचली. बाजेवरच्या याडीनं मणी बोटांनी चाचपला.

"ह्यो न्हाई."

"याडी, तो पितळंचा होता गं. बाला कुणीतरी फसवलं. हे खरं सोनं हाये."

रुख्मिणीबाईनं मणी परत लेकीच्या हातात ठेवला.

"पितळ तर पितळ. त्यायनं आणला व्हता ना? तोच घाल."

"जळाला, याडी. सगळा."

याडी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

दिवस कलला तसा याडीचा श्वास अडकू लागला. जमलेल्या बाया म्हणाल्या, "सोनं घाल, पोरी." संगितानं पाणी पाजलं, याडीनं घोटभर घेतलं. मग नवा मणी ओठांशी नेला, तसे तिनं दात घट्ट मिटले. ते पुन्हा उघडलेच नाहीत.