धोंड्याचा जावई

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, म्हणून किशोर धोंड्याच्या जेवणाला दर्यापूरला सासरी आला होता. अकोल्यात तो इंग्रजीच्या शिकवण्या घेई. पाटावर बसतो न बसतो तोच मेहुणी प्राची व्याकरणाचं पुस्तक पुढं करत म्हणाली,

"भाऊजी, हे जेरंड मले समजूनच नाही राहिलं."

किशोर खुलला. "सोपं आहे. शब्द जन्मानं क्रियापद, पण वाक्यात नाम बनून बसते. 'स्विमिंग इज फन' पाहा. स्विमिंग नुसतं मानाच्या जागी बसलं आहे, वाक्य ओढते ते बिचारं इज."

तेवढ्यात त्याला ठसका लागला. तो पाण्यासाठी उठू लागला, तर सासूबाई दुर्गाबाई कासावीस झाल्या.

"तुमी कावून उठता, जावईबापू? रागिणी, पाणी आण."

रागिणीनं नवऱ्याला पाणी दिलं, पंखा वाढवला, तूप वाढलं, सांडलेली कढी पुसली. प्राची मान वळवून वळवून दोघांकडे पाहत होती.

"समजलं, भाऊजी," ती पुस्तक मिटत म्हणाली. "ताई म्हणजे इज."

किशोर घाईघाईनं पुढचा घास घेऊ लागला. रागिणीनं शांतपणे पुरणाचं भांडं पुढं केलं.

"अजून वाढू का, स्विमिंग?"