न दाबलेले बटण

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे, मागे लांब शेपटी असलेल्या पिढीतला. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत माझी बारा वर्षे गेली. माझे डावे बटण आता झिजून गुळगुळीत झाले आहे. मध्यंतरी बिनशेपटीचा नवा माउस आला आणि माझी रवानगी खणात झाली. पण त्याची बॅटरी संपली की सगळ्यांना माझीच आठवण होते!

मला दोन हात चांगले ठाऊक आहेत. एक फोटोग्राफर काकांचा. समोरच्याला हसू फुटले की त्याच क्षणी बटण दाबायचे, ही त्यांची जन्माची सवय. माझ्यावरही त्यांचे बोट धडाधड चालते. दुसरा हात त्यांच्या वहिनींचा. त्या डागाळलेले फोटो दुरुस्त करतात आणि एका पापणीला पंधरा मिनिटे घेतात. खरे सांगू? मला त्यांचाच हात आवडतो.

एका सकाळी नव्या माउसची बॅटरी संपली म्हणून मी टेबलावर होतो, तेव्हा ईमेल आला: ‘तुमच्या खात्यात कोणीतरी शिरले आहे. तासाभरात पासवर्डची खात्री करा, नाहीतर खाते कायमचे बंद.’ काकांचा चेहरा उतरला. स्टुडिओचे बावीस वर्षांचे फोटो त्याच ऑनलाइन खात्यात होते. बेकरीवाल्या आजोबांच्या दिवंगत पत्नीचा एकुलता एक फोटोही तिथेच होता, आणि तो मोठा करून न्यायला आजोबा दुपारी येणार होते.

काकांनी मागचापुढचा विचार न करता लिंक उघडली, पासवर्ड लिहिला आणि पाठवलाही. खटका माझाच वाजला, मित्रांनो. मला फार लाज वाटली.

“वहिनी, जरा बघता का? हे पुन्हा पासवर्ड मागतंय.”

वहिनींनी चष्मा सावरला आणि फोटो पाहतात तसा तो ईमेल मोठा करून पाहिला. “भावजी, कंपनीच्या या चिन्हाच्या कडा फाटल्यात. कुठून तरी उचलून चिकटवलंय.”

“चिन्हाचं काय घेऊन बसलात! तिकडे खातं बंद होईल.”

“बरं, चिन्ह राहू दे. ही लिंक नेते कुठे ते बघू.” त्यांनी माझा बाण अलगद ईमेलमधल्या लिंकच्या बटणावर नेऊन ठेवला. दाबले मात्र नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता उमटला. खाते चालवणाऱ्या कंपनीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

“पासवर्ड दिलात?”

“दिला,” काका मान खाली घालून म्हणाले.

“सांगितलंत ते बरं केलंत. सरका.”

त्यांनी ईमेल बाजूला ठेवून नेहमीच्या पत्त्यावरून खाते उघडले. ते उघडले! पासवर्ड बदलला. बाकी सगळ्या यंत्रांवरून खाते लॉगआउट केले. यापुढे फोनवर आलेल्या संकेतांकाशिवाय कोणाला आत शिरता येऊ नये, अशी सोय केली. मग तो ईमेल फसवा असल्याचे कंपनीला कळवले. खटके मोजकेच होते, पण एकही वाया गेला नाही. मला माझाच अभिमान वाटला.

दुपारी आजोबा फोटो हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. “अशीच बघायची माझ्याकडे,” एवढेच म्हणाले.

मित्रांनो, घाबरवून घाई करणारा ईमेल आला, तर आधी माझ्यावरचा हात उचला. चूक झालीच, तर काकांसारखे लगेच सांगून टाका. मी तुमचा आज्ञाधारक नोकर आहे. सांगाल ते बटण दाबेन. पण दाबलेले परत घ्यायला मला कोणी शिकवलेले नाही.