यशोदेची गुलाबी गोळी

बारावीनंतर काय करायचं, हे आमच्या रियाने लॅपटॉपला विचारलं. त्यात एक खोटंच औषधांचं दुकान होतं. काउंटर, कपाटं, समोर गिऱ्हाईक. चिठ्ठी बघायची, औषध काढायचं, घेणाऱ्याला समजावून सांगायचं. चार दिवस असं करून बघितलं की हे काम आपल्याला जमेल का ते कळतं, असं ती म्हणाली. जमलं तर सावंतवाडीला फार्मसीला प्रवेश घेणार होती.

"आजोबा, एक गिऱ्हाईक तुमी घेवा. मराठीत आसा."

मी चष्मा लावला. सारा जन्म आचऱ्याच्या किनाऱ्यावर जाळी ओढण्यात गेला. अक्षरं शिकलो ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात. तेव्हापासून वाडीतलं पत्र, लाइट बिल, लग्नपत्रिका, गोळ्यांची पाकिटं, सगळं माझ्याकडे येतं. "परशुरामाक विचार" म्हणतात. ऐकायला बरं वाटतं.

पडद्यावर एक म्हातारी आली. तिच्याकडे साखरेच्या आजाराची जुनी पांढरी गोळी होती, आता नवी पिवळी मिळाली होती. कुठली घेऊ, म्हणून विचारत होती. खाली तीन उत्तरं. मी "दोन्ही घ्या" वर बोट ठेवलं. पडदा लाल झाला.

रिया हसत सुटली. "झाला! म्हातारी आडवी पडली तुमच्या दुकानात."

"रंग वेगळो म्हणजे गोळी वेगळी ना गो?"

"रंग कंपनीचो. आतला औषध एकच. ताचा नाव बारीक अक्षरात असता, ता वाचूचा."

"आणि दोनय खाल्ली तर?"

"साखर एकदम खाली येता. घाम, चक्कर. माणूस बेशुद्ध पडता."

मी चष्मा काढला.

आठ दिवसांपूर्वी शेजारची यशोदा अशाच दोन पट्ट्या घेऊन आमच्या अंगणात आली होती. एक पांढरी, एक गुलाबी. नावं इंग्रजीत. मला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही आणि हे मी वाडीत कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी पट्ट्या उजेडात धरल्या, उलट्यासुलट्या केल्या, थोडा वेळ लावला, आणि म्हणालो, "ही वेगळी आसा. दोनय घे." परवा ती विहिरीवर चक्कर येऊन खाली बसली. तेव्हाही मीच म्हणालो, उन्हाने झालं असेल.

"रिया, यशोदेकडे जा," मी म्हणालो. "सांग तिका, कंपनीन गोळी बदलली हा, एकच घे."

"तुमका कसा कळला?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"तुमीच सांगितलास तिका दोनय घेवक?"

"होय."

"मगे मी एकटी जावचंय नाय. चला."

यशोदा ओटीवर कोकमाची सोलं निवडत होती. बाजूला तिची जाऊ सुभद्रा. यशोदेच्या कपाळावर घाम होता.

"येवा भावजी, बसा."

मी बसलो नाही. "यशोदे, ती गुलाबी आणि पांढरी एकच. दोनय घेव नको. माझा चुकला. माका इंग्रजी वाचूक येणा नाय."

सुभद्रा हसली, तिला थट्टा वाटली. यशोदा हसली नाही.

"मगे त्या दिवशी चष्मो लावन काय बघलास?"

"रंग."

तिने हातातलं सोल सुपात टाकलं. रियाने आत जाऊन साखरपाणी आणलं, रिक्षा बोलावली. आरोग्य केंद्रात बोटातून रक्त काढलं. साखर फार उतरली होती. डॉक्टरांनी विचारलं, दोन्ही गोळ्या घ्यायला कुणी सांगितलं? यशोदा माझ्याकडे बघत राहिली. मलाच हात वर करावा लागला, शाळेतल्या पोरासारखा. रांगेतली माणसं वळून बघत होती.

सलाइन लावून साखर वर आल्यावर सोडलं. परतताना वाडीच्या वळणावर यशोदा म्हणाली, "हरिश्चंद्राच्या आवशीकय तुमीच सांगतास नाय गोळी?"

"होय."

"आणखी कोणाकोणाक?"

मी नावं सांगितली. हरिश्चंद्राच्या आईला धरून सहा झाली. तिने रिक्षा थांबवली, हरिश्चंद्राच्या घरासमोर.

"उतरा भावजी."

मी उतरलो, मागून रिया. हरिश्चंद्र अंगणातच होता. "बरा झाला इलास," म्हणत त्याने खिशातून पट्टी काढली. "आवशीची नवी गोळी. जरा बघून सांगा."

मी पट्टी हातात घेतली नाही. "आधी माझा ऐक," मी म्हणालो.