तीन टिंबांपुढे

ज्योत्स्नाने माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. समोर शोधाच्या निकालात तिच्या भावजयीचं नाव होतं. प्रतीक्षा पवन ओव्हाळ, सोबत मुलगा सुजात, हल्ली राहणार तळेगाव, आणि मग तीन टिंबं. पुढचं वाचायला त्या ओळीवर एकदा क्लिक करायचं, बस्स.

कान्हे गावातल्या घरात रविवारची सकाळ होती. आई पलीकडे बोटांच्या अंदाजाने लसूण सोलत होती. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने खात आणली होती.

तळेगावच्या कारखान्यात स्टोअरचं काम करणाऱ्या ज्योत्स्नाचा हा रविवारचा उद्योग, कुणी न सांगता अंगावर घेतलेला. सर्च इंजिनला नेमके शब्द दिले की लोकांनी निष्काळजीपणे उघडी टाकलेली कागदपत्रं वर येतात. लोणावळ्याच्या बंगल्यांत उतरलेल्या पाहुण्यांची आधार कार्डं काय, दवाखान्यातले रिपोर्ट काय! मग ती मालकाला फोन करायची, तुमचं दार उघडं राहिलंय, लावून घ्या. एकाने तिला पोलिसांची धमकी दिली होती, दुसऱ्याने चिक्कीचं खोकं पाठवलं होतं. तिने धमकी ऐकून घेतली आणि चिक्की परत केली. निकालात दिसेल तेवढ्यावर थांबायचं, आत शिरायचं नाही, हा तिचा नियम. आणि दार लागलं की पुन्हा तेच शब्द टाकून खात्री करायची.

आज ती अडचणीतल्या बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेचं पाहत होती. तिथे आपलंच माणूस भेटेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ज्योत्स्नाच्या भावाने, पवनने, प्रतीक्षाला पोराच्या देखत मारलं होतं. पहिल्यांदा नव्हे. त्या खेपेला मात्र ती पोराला घेऊन निघून गेली. पवन अजूनही जेवता जेवता म्हणायचा, "निस्ता पत्ता घावू दे."

"ज्योत्स्ने, गप का झालीस? काय घावलं का?" आईने विचारलं.

"न्हाई गं."

"तुला त्यातलं सगळं येतंय. सुजातचं नाव टाकून बघ की. डागदर म्हनला, गेल्याली नजर माघारी येत न्हाई. हाय तवर एकदा पोराचं त्वांड बघू दे. पवन्याला न्हाई सांगत मी."

"तू न्हाई सांगणार, आई. पण तुझ्या तोंडावर दिसंल त्याला."

आई पुन्हा लसूण सोलू लागली.

फक्त आपल्यापुरतं बघावं, असं ज्योत्स्नाच्या मनात आलं. सुजातला तिनेही अंगाखांद्यावर खेळवलं होतं. हात माऊसकडे गेलासुद्धा. तिला स्वतःची लाज वाटली. फोन घेऊन ती अंगणात गेली आणि संस्थेचा नंबर लावला. तिथल्या प्रमुख श्रद्धाताईंनी उचलला.

"तुमची एक फाइल शोधात उघडी दिसतेय. बायकांची नावं, राहते पत्ते. आधी ती काढा, मग सर्च इंजिनलाही काढायला कळवा. नाहीतर त्यांच्याकडची ओळ तशीच राहते."

श्रद्धाताईंनी विचारलं, "तुम्ही उघडली का ती?"

"नाही. पण त्यात माझी भावजय आहे, प्रतीक्षा. तळेगाव एवढं वाचलं, पुढचं नाही. तिला तसं सांगा."

हे शेवटचं नसतं सांगितलं तर कुणाला कळणार होतं? पण मग प्रतीक्षा तिथे निर्धास्त राहिली असती, आणि रोज तळेगावला गाडीतून उतरताना ज्योत्स्नाची नजर तिलाच शोधत फिरली असती. आपल्या नजरेचा आपल्यालाच भरवसा नाही, हे तिला त्या सकाळी कळलं होतं.

आठवड्याच्या मध्यावर जेवणाच्या सुट्टीत श्रद्धाताईंचा फोन आला.

"फाइल काढली. तुमचे उपकार झाले. प्रतीक्षाताईंनाही सांगितलं."

"काय म्हणाली?"

"रडल्या. ज्योत्स्नाताई खोटं बोलायच्या नाहीत, म्हणाल्या. पण... आता त्या तिथे नाहीत. पोराला घेऊन गेल्या. कुठे, ते मी नाही सांगू शकत."

"नका सांगू," ज्योत्स्ना म्हणाली. डबा तिने तसाच बंद केला. इतके दिवस तो पोरगा आपण रोज उतरतो त्या गावात होता, हे कळायला आणि तो तिथून जायला एकच गाठ पडावी, याचं तिला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी ती नियमाप्रमाणे पुन्हा बसली. तेच शब्द टाकले. काही आलं नाही. मग भावजयीचं नाव टाकलं, भाच्याचं टाकलं. काहीच आलं नाही. दार नीट लागलं होतं.

आई भिंतीला धरत आली, तिच्या शेजारी बसली आणि तोंड पार पडद्याजवळ नेलं.

"काय हाय गं हितं? मला निस्तं पांढरंच दिसतंय."

"पांढरंच हाय, आई."

आईने पदराच्या टोकाने पडदा हलकेच पुसला आणि डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं.